शांतता समितीच्या वहीतला तिसरा रकाना: सोलापूरचा सलोखा आणि घटनेतला नागरिक

मुरारजीपेठकर (धागालेखक)

सणांचे दिवस जवळ आले की आपल्या शहरात पोलीस ठाण्यांमधून शांतता समितीच्या बैठका सुरू होतात. यंदा अशा एका बैठकीला मीही गेलो. आमच्या गल्लीत एक लहान प्रसूतिगृह आहे आणि मिरवणुकांच्या दिवसांत तिथल्या बाळंतिणींना व तान्ह्या मुलांना आवाजाचा फार त्रास होतो, एवढेच मला सांगायचे होते. दाराशी टेबलावर हजेरीची वही ठेवलेली होती आणि तिच्यात चार रकाने आखलेले होते: नाव, मोबाइल क्रमांक, समाज किंवा मंडळ, सही. मी तिसरा रकाना रिकामा सोडला. वही सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने सौजन्याने विचारले, "साहेब, आपण कोणाच्या वतीने आलात?" रहिवासी म्हणून आलो आहे, असे मी सांगितले. त्याने क्षणभर विचार केला, माझ्या आडनावावरून माझा समाज ठरवून तो त्या रकान्यात लिहिला आणि मला आत जाण्याची खूण केली.

बैठक चांगली झाली, हे आधीच नोंदवतो. गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, जयंती उत्सव समित्यांचे पदाधिकारी, निरनिराळ्या समाजांचे ज्येष्ठ पंच असे सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे लोक होते. प्रत्येकाने उठून आपल्या समाजाच्या वतीने पूर्ण सहकार्याची ग्वाही दिली. अशा बैठकांचे मोल मी जाणतो. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजातील जाणत्या मंडळींनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि शासनानेही सुट्टी २९ तारखेला दिली. एकमेकांचा शब्द मानणारी माणसे नसती, तर हे केवळ आदेश काढून साधले नसते.

तरीही त्या तिसऱ्या रकान्याने उभा केलेला प्रश्न मनातून जात नाही. शासन समाजांशी बोलते, समाजांचे पुढारी आपापल्या माणसांशी बोलतात, आणि या दोन पायऱ्यांच्या मध्ये जो कोणत्याच पुढाऱ्याच्या हाताखाली येत नाही, त्याने कोणामार्फत बोलायचे? समाजाबाहेर लग्न केलेली मुलगी, पंचांशी वाद झालेले कुटुंब, देव न मानणारा तरुण, कामासाठी परगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर, हे सगळे याच शहराचे नागरिक आहेत. त्यांचा रकाना कोणता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना, या मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला एकक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्या वाक्यावर तेव्हा बरीच टीका झाली, कारण अनेक सदस्यांना ग्रामपंचायतींच्या पायावर उभे राहिलेले राज्य हवे होते. व्यक्तीला एकक मानण्याचा अर्थ गावापुरता मात्र राहत नाही. जात, जमात, पंथ, मठ, जमाअत या सगळ्यांना तो लागू होतो. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले आणि माणसाचा धर्म हीच त्याची राजकीय ओळख ठरवली. घटनेच्या ३२५ व्या कलमाने ती व्यवस्था कायमची मोडली. प्रत्येक मतदारसंघाची मतदारयादी एकच असेल आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही त्या यादीतून वगळता येणार नाही, असे ते कलम सांगते. धर्मनिरपेक्षतेवरच्या चर्चेत २५ वे कलम सर्वांच्या तोंडी असते, ३२५ व्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. मला मात्र या विषयाचा गाभा त्यातच दिसतो. मतदारयादीत आपल्या नावापुढे वय, लिंग, घर क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. धर्माचा रकाना नसतो.

माणसाने धर्म घरात ठेवून रस्त्यावर यावे, असे मी सुचवत नाही. वारीच्या दिवसांत अवघा जिल्हा रस्त्यावर येतो, आणि ती वाट बंद व्हावी असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. माझा प्रश्न शासनाच्या दाराशी असलेल्या वहीपुरता आहे. शहरात सलोखा आहे, एवढ्यावर लोकशाहीतील नागरिकत्वाची गरज भागते का, की ती दोन वेगळी कामे आहेत? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

बाळीवेस

पेठकर साहेब, आपला हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, परंतु आपण ज्याला पायरी म्हणता तिला मी या शहराचा पाया म्हणेन. आमच्या घरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलण्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती कधी जवळून पाहिली असेल, तर लक्षात येईल की उंच नंदीध्वज एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. पांढरी बाराबंदी घातलेला सेवेकरी ध्वजाचा सारा भार कमरेवर घेऊन चालतो, त्याची नजर वर शेंड्याकडे असते आणि पायाखालची वाट त्याला दिसत नाही. भोवतीचे लोक त्याला जागा करून देतात, तोल जाऊ लागला की आधार देतात, दमला की पुढचा खांदा देतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या नगरीत स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा अशीच पूर्ण होते. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटून दिलेले आहेत आणि त्यावरून भांडण होत नाही, कारण प्रत्येकाला आपला मान ठाऊक असतो.

ही शिस्त कोणत्याही कायद्याने आम्हाला शिकवली नाही. लोकशाहीला जी सार्वजनिक सवय लागते, म्हणजे दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणे, दिलेला शब्द पाळणे, गर्दीत आपला तोल सांभाळणे, ती सामान्य माणसाला देवळाने आणि यात्रेने दिली. धर्मनिरपेक्षतेवर लिहिणारे बहुतेक जण धर्माकडे पोलीस बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहतात, याचे वाईट वाटते. आणि एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो. पोलिसांनी एकेका नागरिकाशी स्वतंत्र बोलायचे ठरवले, तर आणीबाणीच्या रात्री ते कोणाला फोन करतील? त्या वेळी ज्याच्या शब्दाला दहा घरे मान देतात असा माणूसच लागतो.

वकिली टिपण

दोन्ही लेख वाचले. पेठकरांच्या मूळ अडचणीचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा रात्री बारापर्यंत वाढवू शकते. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. या नियमांत मिरवणूक कोणाची हा प्रश्नच नाही. त्यामुळे प्रसूतिगृहासाठी अर्ज करताना आपण कोणत्या समाजाचे, हे सांगण्याची कायद्याला गरज नाही. बैठकीत मात्र ती पडते. पेठकरांना नेमके हेच म्हणायचे असावे.

आता मोठ्या प्रश्नाकडे वळतो. २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते, पण त्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्याच भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून होते. हे स्वातंत्र्य व्यक्तीला आहे. २६ वे कलम धार्मिक संप्रदायांना आपले धर्मविषयक कामकाज चालवण्याचा हक्क देते, म्हणजे तो हक्क समूहाला आहे. या दोहोंत संघर्ष झाला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्याने देशाला दिले आहे. मुंबई राज्याने १९४९ साली वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द ठरवला, कारण माणसाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या कामकाजाचा भाग मानला गेला. विरोधी मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे होते. बहिष्कृताच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेकडे त्यांनी लक्ष वेधले. २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आणला, तो प्रामुख्याने जातपंचायतींच्या जाचामुळे.

बाळीवेस अण्णांना माझे नम्र सांगणे इतकेच की, ज्याच्या शब्दाला दहा घरे मान देतात, त्याच माणसाच्या शब्दावर अकरावे घर वाळीत पडू शकते. सलोखा घडवणारी शक्ती आणि बहिष्कार घालणारी शक्ती अनेकदा एकाच हातात असते. म्हणून शासनाने तिची मदत जरूर घ्यावी, पण तिच्यामार्फतच नागरिकाला ओळखण्याची सवय लावून घेऊ नये.

उर्दूशाळा

मी शिक्षिका आहे आणि या शहरातच जन्मले व वाढले. आमच्या भागातून शांतता समितीवर कोण जाते, हे मी लहानपणापासून पाहते आहे. ती सज्जन माणसे आहेत. दंग्याच्या अफवा उठल्या त्या रात्री त्यांनी चौकात उभे राहून मुलांना घरी पाठवलेले मी स्वतः पाहिले आहे. पण ते 'समाजाच्या वतीने' बोलतात, तेव्हा माझ्या वतीने बोलण्याआधी मला कोणी काही विचारलेले नसते.

१८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्या सात जणींची संख्या पाहून पुष्कळांनी तो मोर्चा क्षुल्लक मानला. मला त्यात मोठी गोष्ट दिसते. त्या बायका आपले गाऱ्हाणे घेऊन जमाअतीकडे न जाता थेट विधिमंडळाकडे गेल्या, म्हणजे नागरिक म्हणून गेल्या. पुढे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहाबानो यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा केंद्र सरकारने कोणाचे ऐकले? समाजाच्या पुढाऱ्यांचे. तो निकाल निष्प्रभ करणारा १९८६ चा कायदा आला आणि पोटगी मागणारी वृद्ध बाई त्या वाटाघाटीत कुठेच नव्हती. एका दमातला तलाक रद्द होण्यासाठी २२ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या खटल्यातील प्रमुख अर्जदारही एकेकट्या स्त्रियाच होत्या.

इथपर्यंत मी पेठकर सरांशी सहमत आहे. परंतु त्यांच्या लेखात एक बाजू राहिली आहे आणि ती मला मनापासून मांडायची आहे. मला एकटी व्यक्ती म्हणून पाहिले जाते, असे रोजच्या जगण्यात घडत नाही. घर भाड्याने पाहायला गेले की नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते आणि नाव सांगितल्यावर ती मालकाच्या भाच्यासाठी राखलेली निघते. दूर कुठे काही घडले की दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत माझ्याकडून मत अपेक्षित असते, जणू मी त्या घटनेची प्रवक्ती आहे. जगाने माझ्या कपाळी समाज लिहूनच ठेवला असेल, तर संकटात मी त्याच समाजाकडे धावणार, हे उघड आहे. म्हणून घटनेने २९ आणि ३० ही कलमे ठेवली आणि अल्पसंख्याकांना आपली भाषा, लिपी आणि शिक्षणसंस्था जपण्याचा हक्क दिला. आमची शाळा त्याच हक्कावर उभी आहे. तेव्हा व्यक्ती की समाज असा निवाडा करून एक बाजू टाकून देऊ नये, ही विनंती. मला दोन्ही हवे आहेत: गरज पडेल तेव्हा समाजाची सावली, आणि मनात येईल तेव्हा त्या सावलीतून बाहेर पडण्याची मोकळीक. बाहेर पडल्यावर माझ्यामागे कायदा उभा राहतो की नाही, यावरून मी राज्याची परीक्षा करते.

विजापूरनाका

उर्दूशाळा ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. माझे आणि माझ्या पत्नीचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले. दोघांचे धर्म वेगळे आहेत आणि कोणीही धर्म बदललेला नाही. या कायद्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि कोणालाही दिसेल अशा जागी ती लावली जाते, म्हणजे हरकत घेऊ इच्छिणाऱ्याला घेता यावी. आमच्या नावांचा आणि पत्त्यांचा तो कागद कार्यालयाच्या फलकावर चार टाचण्यांनी लावलेला होता. पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडच्या समाजांतील ज्येष्ठ मंडळी आमच्या घरी येऊन गेली. ती रागावली नव्हती, उलट फार समजुतीने बोलली. दोन्ही बाजूंचे म्हणणे शब्दशः सारखे होते: शहराचा सलोखा बिघडेल असे काही करू नका.

त्या दिवशी मला कळले की सलोख्याच्या नावाखाली आमचा हक्क मागितला जात आहे. आम्ही लग्न केले, शहरात काहीही बिघडले नाही, आणि ती ज्येष्ठ मंडळी आज आमच्याशी उत्तम बोलतात. पण ते तीस दिवस शासनाने आम्हाला धर्माच्या दोन दारांच्या मध्ये उभे करून ठेवले होते. एकाच धर्मातल्या जोडप्याला आपापल्या विधीने लग्न करताना ही प्रतीक्षा करावी लागत नाही.

पूर्वभाग

सर्वांचे वाचत होतो. माझी आई विडी कामगार होती आणि वडील यंत्रमागावर. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्हींच्या जोडीला कानडी आणि दख्खनी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा अवघा पूर्व भाग रस्त्यावर असतो आणि मीही असतो. त्यामुळे बाळीवेस अण्णांच्या भावना मला परक्या नाहीत.

पण या चर्चेत धर्म, समाज आणि व्यक्ती या तिघांचीच नावे आली. माझ्या आईला शासनाने प्रथम माणूस म्हणून ओळखले ते तिच्या कामामुळे. विडी कामगार म्हणून ओळखपत्र मिळाले, त्यावर भविष्यनिर्वाह निधी, त्यावर दवाखाना. पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. त्यामागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी वर्षानुवर्षे चालवलेला लढा होता. नंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातील पंधरा हजार घरांचे वाटप केले. या घरांसाठी अर्ज करणाऱ्या बाईला तिचे काम आणि तिचे उत्पन्न विचारले गेले. घर मिळाल्यावर तिच्या शेजारी कोण आले, हे तिच्या पंचांनी ठरवले नाही. तेलुगू, मुस्लिम, दलित, मराठा, लिंगायत अशा बायका एकाच नळावर पाणी भरू लागल्या. भांडणे होतात, ती पाण्यावरून होतात.

शहरात इतरत्र पाहा. समाजाच्या नावाने गृहनिर्माण संस्था आहेत, त्यांच्या फाटकावर समाजाचे नाव आहे. त्यात राहणारे लोक वाईट नाहीत, पण त्यांच्या मुलांना दुसऱ्या धर्माच्या घरात शिजणाऱ्या अन्नाचा वास ठाऊक नसतो. नागरिकत्व शिकण्यासाठी शेजार लागतो, असे माझे मत आहे.

वकिली टिपण

पूर्वभाग यांच्या शेवटच्या मुद्द्याला कायद्याची एक खिन्न करणारी नोंद आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सहकारी संस्थेला आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येईल, असा निर्णय दिला. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध चालतात, खासगी करारांना ते सहसा बांधत नाहीत, ही त्यामागची भूमिका होती. अस्पृश्यतेला बंदी घालणारे १७ वे कलम खासगी व्यक्तीवरही चालते, पण घर नाकारण्यापर्यंत त्याचा हात सहज पोहोचत नाही. म्हणजे राज्य निःपक्षपाती झाले तरी गल्ली तशी होईलच असे नाही.

भीमातीर

मी पंढरपूरचा आहे, म्हणून जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो. आषाढी एकादशीला पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा मुख्यमंत्री सपत्नीक करतात आणि दर्शनाच्या रांगेतील एका वारकरी दांपत्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो. निधर्मी राज्याच्या प्रमुखाने पदावर असताना पूजा करावी का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र पंढरपुरात राज्याचा हात पूजेपुरता नाही, आणि त्याने केलेले दुसरे काम माझ्या दृष्टीने कितीतरी महत्त्वाचे आहे.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी हे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. देवळाच्या आत कोण जाईल, हे तोवर वंशपरंपरेने ठरत होते. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही, हे वेगळे सांगायला नको. पुढे १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला. त्याने बडवे, उत्पात आणि इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले आणि व्यवस्थापन समितीकडे सोपवले. त्याविरुद्धचा न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला.

आता या कायद्याला धर्मात ढवळाढवळ म्हणायचे का? मी म्हणत नाही. भाविक हाही नागरिक आहे आणि देवळाच्या उंबरठ्यावर त्याचे नागरिकत्व गळून पडत नाही, हे त्या कायद्याने सांगितले. २५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची तरतूद मुद्दाम ठेवलेली आहे. भारतातील धर्मनिरपेक्षता देवळाच्या भिंतीपासून दूर उभी राहणारी नाही, ती आत जाऊन दार उघडते. पूजेचा मान स्वीकारणाऱ्या राज्याबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. दार उघडण्याचा अधिकार राज्याला आहे तो सर्वांना आत येता यावे म्हणून. एकदा ते स्वतःच पूजेला बसले की इतर धर्मांच्या नागरिकाला ते आपले वाटेल का, हा विचार पंढरपूरकर म्हणून मला सतावतो. वारकऱ्यांपैकी अनेकांना मात्र त्यात वारीचा सन्मान दिसतो, हेही खरे आहे.

परदेशस्थ सोलापूरकर

मी फ्रान्समध्ये राहतो. येथे १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे केले आणि २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी धार्मिक चिन्हे घालण्यास बंदी केली. माझ्या मुलीच्या वर्गातील एक मुस्लिम मुलगी फाटकाजवळ डोक्यावरचा रुमाल काढून दप्तरात ठेवते आणि सुटल्यावर पुन्हा बांधते. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र राज्याचे अधिकृत चर्च आहे, त्याचे २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, आणि तिथल्या शाळांतून रुमाल बांधलेल्या मुली सर्रास दिसतात. कागदावरच्या घोषणेवरून नागरिकाचा अनुभव कळत नाही, असे मला दोन्हीकडे वाटले. भीमातीर यांनी सांगितलेला तिसरा मार्ग, म्हणजे आत जाऊन दार उघडणारे राज्य, येथील मित्रांना मी समजावू पाहतो तेव्हा तो त्यांना लवकर पटत नाही.

बाळीवेस

सर्वांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. विजापूरनाका यांचा अनुभव वाचून वाईट वाटले. पण एक आठवण करून देतो. या शहराने धर्माच्या भिंती ओलांडल्या त्या कोणत्याही कलमाच्या आधी. स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. चार समाजांचे चार सुपुत्र एकत्र गेले. हे सोलापूरचे संचित आहे आणि ते समाजांच्या एकजुटीतूनच आले.

मुरारजीपेठकर

अण्णा, त्या चौघांपुढे आपण दोघेही सारख्याच आदराने नतमस्तक होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

त्यांची नावे एकत्र घेताना आपण नेहमी चार समाज मोजतो, कारण आपल्या शहराला ते सुंदर वाटते. परंतु १९३० च्या सोलापुरात त्यांना कोणत्या समाजाने पाठवले होते? कुर्बान हुसेन पत्रकार होते आणि गिरणी कामगारांमध्ये काम करत होते. त्याच वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. नगरपालिका ही कोणत्याही समाजाची नव्हती, ती शहराची होती. मे महिन्यात ब्रिटिशांनी येथे मार्शल लॉ पुकारला तो एका शहराविरुद्ध, आणि त्या काळात गांधी टोपी घालून रस्त्यावर येणाऱ्याला कोणाचा माणूस आहेस असे विचारून सोडले जात नव्हते. ही चार माणसे आपापल्या घरांतून, आपापल्या प्रार्थनांसह आली असतील, यात शंका नाही. पण ती प्रतिनिधी म्हणून आली नाहीत. ती ज्या देशाची नागरिक होऊ पाहत होती, तो देश तेव्हा अस्तित्वात नव्हता. त्यांना समाजांच्या हिशेबात बसवताना त्यांच्या कृतीतला सर्वांत धाडसी भाग आपण नकळत पुसतो, असे मला वाटते.

उर्दूशाळा ताईंचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझ्या मांडणीत तो जोडून घेतो. ज्याला जग रोज समाजाच्या नावाने हाक मारते, त्याला 'तू फक्त व्यक्ती आहेस' असे सांगणे हे त्याला एकटे पाडणे होईल. घटनेने समूहांना दिलेले हक्क त्यासाठीच आहेत. शासनाच्या दाराशी मात्र, समाजाचे नाव सांगणे ही प्रवेशाची अट असू नये. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे. वकीलसाहेबांनी दिलेल्या नियमांच्या आधारे प्रसूतिगृहाचा परिसर शांतता क्षेत्र घोषित व्हावा, असा अर्ज मी तयार केला आहे. त्याच अर्जात दुसरी मागणी जोडली आहे: शांतता समितीच्या हजेरीवहीत तिसरा रकाना 'पत्ता किंवा प्रभाग' असा असावा, मंडळाचे नाव ऐच्छिक असावे, आणि बैठकीचे निमंत्रण ठाण्याच्या व महापालिकेच्या फलकावर सर्वांसाठी लागावे. समाजातील ज्येष्ठांना नेहमीप्रमाणे बोलावण्यास माझी काही हरकत नाही, उलट ते हवेतच.

पूर्वभाग

अर्जावर माझी सही घ्यावी. कुंभारीच्या वसाहतीतील काही बायकाही सही करण्यास तयार आहेत, त्यांना तो वाचून दाखवतो. तेलुगूत सांगावा लागेल, ते मी करेन.

बाळीवेस

चार सुपुत्रांविषयी आपण लिहिलेले मला पूर्ण पटलेले नाही. माणूस आपल्या संस्कारांतूनच नागरिक होतो आणि ते संस्कार कोणत्या तरी समाजाचे असतात, या मतावर मी ठाम आहे. परंतु ऐच्छिक रकान्याला माझा विरोध नाही. मी सही करताना त्यात देवस्थानाच्या सेवेचा उल्लेख करीन.

उर्दूशाळा

अण्णांनी तो जरूर करावा. मी माझा पत्ता तेवढा लिहीन. पेठकर सर, अर्जात आणखी एक ओळ घालावी, ही विनंती. या बैठका रात्री साडेआठ-नऊला ठेवल्या जातात आणि त्या वेळी घरातली भाकरी, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंचे औषध सोडून कोणत्याही धर्माच्या बाईला येता येत नाही. बैठक सायंकाळी पाचला ठेवावी, शाळा सुटल्यावर मी थेट येऊ शकेन.